लाइनबॅकर, सॅक आणि एक मोडलेलं हाड: मायका पार्सन्सचा पहिला हंगाम

अमेरिकेतल्या भाचरांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना सप्टेंबर ते फेब्रुवारीत एक विषय हमखास निघतो, एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा. डॅलस, ह्यूस्टन, न्यू जर्सीतली किती तरी मराठी घरं रविवारी टीव्हीसमोर ठाण मांडून बसतात आणि इकडून आपण ‘हो का, वा वा’ करत मान डोलावतो. त्यात कुणी ‘अमक्या लाइनबॅकरनं पहिल्याच वर्षी धुमाकूळ घातला’ म्हणालं, की आपलं गाडं तिथंच अडतं. हा माणूस करतो तरी काय? गुण तर मिळवत नाही. बॉलही त्याच्या हातात क्वचित येतो. मग एवढं कौतुक आणि एवढा पैसा कशाबद्दल?

हे समजून घ्यायला एक हंगाम फार सोयीचा आहे: 2021 साली डॅलस काउबॉइजकडून मायका पार्सन्स खेळला तो. वय 22, व्यावसायिक फुटबॉलचं पहिलंच वर्ष, म्हणजे तिथल्या भाषेत ‘रूकी’. वर्षअखेर त्याच्या नावावर 13 सॅक (म्हणजे काय, ते पुढं येतंच) होते आणि सर्वोत्तम नवोदित बचावपटूचा पुरस्कार त्याला एकमतानं मिळाला. बातम्यांमध्ये हे 13 सॅकच गाजले. मला मात्र त्या वर्षाचं मोठेपण दुसरीकडे दिसतं. ज्या कामासाठी संघानं त्याला घेतलंच नव्हतं ते काम त्यानं अंगावर घेतलं, आणि मूळ काम सोडलंही नाही.

आधी खेळाचा सांगाडा

दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. बॉल ज्यांच्याकडे आहे तो आक्रमक संघ, दुसरा बचाव करणारा. आक्रमक संघाला 10 यार्ड, म्हणजे सुमारे 9 मीटर, पुढं सरकायला चार संधी मिळतात. सरकला तर नव्यानं चार संधी, नाहीतर बॉल समोरच्याकडे. मधला खेळाडू बॉल दोन पायांमधून मागं देतो, तो ‘स्नॅप’. तिथून चकमक सुरू होते आणि बहुतेक वेळा पाच-सहा सेकंदांत संपते. मग सगळे उठतात, पुन्हा रांगा लावतात. नवख्या प्रेक्षकाला हा खेळ सारखा थांबतोय असं वाटतं, कारण तो खरोखरच सारखा थांबतो.

स्नॅपनंतर बॉल जातो क्वार्टरबॅककडे. आक्रमणाचा मेंदू तोच. तो बॉल एखाद्या धावपटूच्या हाती देतो किंवा लांब फेकतो. फेकायचा असेल तर साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढा वेळ त्याला मिळवून देण्यासाठी पुढं पाच धिप्पाड गडी, म्हणजे लाइनमन, भिंत करून उभे असतात.

लाइनबॅकर उभा कुठे असतो

बचावाच्या तीन फळ्या धरा. सर्वांत पुढं, त्या पाच धिप्पाडांच्या नाकासमोर, तितकेच आडदांड बचावपटू. सर्वांत मागं, लांब फेकलेला बॉल अडवणारे चपळ धावपटू. मधली फळी लाइनबॅकरांची. पारंपरिक लाइनबॅकर पुढच्या फळीच्या चार-पाच यार्ड मागं, गुडघे वाकवून, क्वार्टरबॅककडे टक लावून उभा असतो.

त्याची अडचण कबड्डी खेळलेल्याला लगेच कळेल. मध्यरक्षकाची जागा आठवा. चढाईपटू आत आला, त्यानं डावीकडे पाय टाकल्यासारखं केलं. झेप घ्यायची की जागा धरायची? फसवणुकीला भुलून झेपावला तर मागचं अख्खं मैदान मोकळं, थांबून राहिला तर चढाईपटू बोनस घेऊन परत. लाइनबॅकरचा प्रत्येक स्नॅप असाच असतो. क्वार्टरबॅक धावपटूच्या पोटाशी बॉल नेतो, देतोय असं भासवतो आणि काढून घेतो. धाव समजून लाइनबॅकर दोन पावलं पुढं आला की त्याच्या डोक्यावरून बॉल मागं पोचलेला असतो.

थोडक्यात त्याला तीन कामं येतात: धावणाऱ्याला आडवा करणं, मागं हटून फेक अडवणं, आणि अधूनमधून थेट क्वार्टरबॅकवर चालून जाणं. यांतलं कोणतं, हे स्नॅपनंतर अर्ध्या सेकंदात ठरवायचं. 2008 पासून बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, त्यावरून प्रशिक्षक पुढची योजना सांगतात. हा रेडिओ बहुधा लाइनबॅकरकडेच असतो, कारण उरलेल्या दहा जणांना जागेवर लावायचं कामही त्याच्याच गळ्यात.

सॅक म्हणजे काय?

क्वार्टरबॅकनं बॉल फेकण्याआधीच त्याला जिथून चकमक सुरू झाली त्या रेषेच्या मागं लोळवलं, तर तो सॅक. दोघांनी मिळून लोळवला तर अर्धा-अर्धा. आक्रमक संघाची चारातली एक संधी वाया जाते, वर बॉल मागंही सरकतो. सात-आठ यार्ड मागं ढकललं गेलं की पुढच्या फेकीला लांबची उडी मारावी लागते आणि सगळी योजना विस्कटते.

सगळ्यांत वाईट म्हणजे मार बसताना हातून बॉल सुटणं. 12 डिसेंबर 2021 चा वॉशिंग्टनविरुद्धचा सामना यासाठी पाहावा. पहिल्या अर्धात वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक टेलर हायनिकी फेकीसाठी मागं हटला. पार्सन्स त्याच्यापर्यंत पोचला आणि त्यानं बॉलवरच ठोसा मारला. सुटलेला बॉल काउबॉइजच्या डोरन्स आर्मस्ट्राँगनं उचलला आणि 37 यार्ड पळत नेऊन थेट टचडाउन केला, म्हणजे समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला. गुणफलकावर नाव आर्मस्ट्राँगचं लागलं. काउबॉइजनी तो सामना 27-20 असा जिंकला, म्हणजे फरक बरोबर एका टचडाउनचा.

‘16 सामन्यांत 13, म्हणजे सामन्याला एकसुद्धा नाही!’

ही शंका क्रिकेटच्या सवयीतून येते. पण एका सामन्यात क्वार्टरबॅक तीस-पस्तीसदा फेकायला मागं हटतो आणि संपूर्ण संघाला मिळून दोन-तीन सॅक मिळाले तरी तो दिवस चांगला समजतात. 13 सॅकनी पार्सन्स त्या वर्षी अख्ख्या लीगमध्ये पहिल्या दहांत होता. काउबॉइजच्या रूकींत आधीचा विक्रम डीमार्कस वेअरचा, 2005 सालचा, आठ सॅकचा. लीगचा रूकी विक्रम जेवॉन कर्सचा, 1999 मध्ये टेनेसी टायटन्सकडून 14.5. पार्सन्स त्याच्यापासून दीड सॅक दूर राहिला.

इथं कुणी जाणकार म्हणेल, 2021 पासून हंगाम 16 ऐवजी 17 सामन्यांचा झाला, मग तुलना कशी? तुलना चालते. कोविडच्या नियमांमुळे पार्सन्सचा शेवटचा साखळी सामना हुकला, त्यामुळे तोही 16 च खेळला. बरं, कर्स बचावाच्या पुढच्या फळीच्या टोकाशी उभा राहून सतत क्वार्टरबॅकवर जाण्यासाठीच घेतलेला खेळाडू. पार्सन्सची नेमणूक तशी नव्हती, आणि कथेला खरी सुरुवात इथं होते.

त्याला घेतलं कशासाठी?

महाविद्यालयीन खेळाडू एनएफएलमध्ये येतात ते ‘ड्राफ्ट’मधून. एप्रिलच्या अखेरीस 32 संघ सात फेऱ्यांमध्ये आळीपाळीनं खेळाडू निवडतात आणि ज्यांचा मागचा हंगाम वाईट गेला ते आधी. काउबॉइजचा 2020 चा हंगाम वाईटच होता: सहा विजय, दहा पराभव, आणि त्यांच्या बचावानं 473 गुण दिले. क्लबच्या इतिहासात इतके गुण कधी दिले गेले नव्हते.

त्यांची निवड दहावी होती. मागच्या फळीत एखादा चांगला कॉर्नर, म्हणजे फेक अडवणारा, त्यांना हवा असल्याची चर्चा होती. पण जेसी हॉर्न आठव्या आणि पॅट्रिक सर्टन नवव्या क्रमांकावर गेले. मग काउबॉइजनी फिलाडेल्फियाशी अदलाबदल केली, दोन जागा मागं सरकले, तिसऱ्या फेरीतली एक जादा निवड पदरात पाडून घेतली आणि बाराव्या क्रमांकावर पार्सन्सला उचललं. लाइनबॅकर म्हणून. चाहते कुरकुरले, कारण संघात जेलन स्मिथ आणि लेटन व्हँडर एश हे दोन नावाजलेले लाइनबॅकर आधीपासून होते.

पार्सन्स पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गचा. शाळेत तो पुढच्या फळीच्या टोकाशी खेळायचा, पेन स्टेट विद्यापीठात त्याला लाइनबॅकर केलं. डिसेंबर 2019 मध्ये कॉटन बोल या महाविद्यालयीन सामन्यात त्यानं 14 टॅकल आणि दोन सॅक केले, तेही काउबॉइजच्याच स्टेडियमवर. (टॅकल म्हणजे बॉल नेणाऱ्याला जमिनीवर पाडणं.) 2020 च्या कोविड वर्षात त्यानं माघार घेतली. ड्राफ्टआधीच्या चाचणीत सुमारे 111 किलोचा हा गडी 40 यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर, 4.4 सेकंदांच्या आत पळाला. एवढ्या वजनाचा माणूस एवढ्या वेगानं अंगावर आला तर काय होईल, याची कल्पना वाचकानंच करावी.

जाता जाता एक गंमत. त्याची 11 क्रमांकाची जर्सी. लाइनबॅकरला असा लहान आकडा घालायला लीगनं त्याच वसंतात परवानगी दिली होती. आधीचा नियम असता तर त्याला चाळिशी-पन्नाशी किंवा नव्वदीतलाच आकडा घ्यावा लागला असता.

एक मोडलेलं हाड

पहिला सामना 9 सप्टेंबरला टँपा बेविरुद्ध झाला. काउबॉइज 29-31 असे हरले. तोवर सगळं ठरल्याप्रमाणं होतं आणि पार्सन्स मुख्यतः मधल्या फळीतच होता.

पुढच्या बुधवारी सरावात डीमार्कस लॉरेन्सच्या पावलाचं हाड मोडलं. लॉरेन्स हा टोकाचा मुख्य बचावपटू, क्वार्टरबॅकवर जाणारा. दुसऱ्या टोकाचा रँडी ग्रेगरी कोविडच्या यादीत. चार दिवसांवर लॉस एंजेलिस चार्जर्सशी सामना, समोर जस्टिन हर्बर्टसारखा क्वार्टरबॅक, आणि त्याच्यावर दबाव आणायला माणूस नाही.

बचावाचे प्रशिक्षक डॅन क्विन यांनी रूकी लाइनबॅकरला पुढच्या फळीच्या टोकाशी नेऊन उभं केलं. ही जुगाराची चाल वाटते, पण तेवढी नव्हती. मुलगा शाळेत तिथंच खेळलेला होता. तरी शाळेतला टोकाचा खेळ आणि 140 किलोच्या व्यावसायिक लाइनमनसमोरचा खेळ यात जमीन-अस्मानाचा फरक, आणि तयारीला मिळाले तीन-चार दिवस. त्या सामन्यात पार्सन्सनं हर्बर्टला गाठून आपला पहिला सॅक मिळवला आणि काउबॉइज शेवटच्या क्षणी 56 यार्डांच्या किकवर 20-17 असे जिंकले.

लॉरेन्स डिसेंबरमध्ये परतला. पण तोवर क्विन यांना हातात काय आहे ते कळलं होतं. त्यांनी पार्सन्सला पूर्णपणे टोकाशी नेलं नाही आणि पूर्णपणे मागंही परत पाठवलं नाही.

समोरच्यांचा हिशेब कुठे चुकायचा?

टीव्हीवर नीट पाहिलं तर स्नॅपच्या आधी क्वार्टरबॅक किंवा मधला लाइनमन समोर बोट दाखवून काहीतरी ओरडताना दिसतो. बऱ्याचदा तो ‘माइक’ कोण ते जाहीर करत असतो. माइक म्हणजे मधला लाइनबॅकर. त्याला खुणेचा खांब धरून पाच लाइनमन आपसांत वाटणी करतात: याच्या डावीकडचे तू घे, उजवीकडचे मी घेतो. कोण पुढं येणार आणि कोण मागं हटणार याचा अंदाज खेळाडूच्या उभ्या राहण्यावरून बांधलेला असतो.

आता 11 नंबर एका स्नॅपला पाच यार्ड मागं उभा आहे, पुढच्याला डाव्या टोकाशी, त्यापुढच्याला दोन लाइनमनच्या बरोबर मध्ये. टोकाशी असला तरी मागं हटून फेक अडवू शकतो, मागं असला तरी धावत आत घुसू शकतो. वाटणी करायची कशी? त्याच्यासाठी दोन माणसं राखली तर दुसरा कुणीतरी मोकळा सुटतो. 21 नोव्हेंबरला कॅन्सस सिटीविरुद्ध काउबॉइज 9-19 असे हरले, पण पॅट्रिक माहोम्ससारख्या खेळाडूला पार्सन्सनं दोनदा लोळवलं, एकदा बॉलही सोडायला लावला. त्याआधी 31 ऑक्टोबरला मिनेसोटाविरुद्ध 11 टॅकल केले, त्यातले चार रेषेच्या मागं. एक काम टोकाच्या खेळाडूचं, दुसरं अस्सल लाइनबॅकरचं, आणि मध्ये जेमतेम तीन आठवडे.

‘पण टॅकल तर फक्त 84!’

ही हरकत जुन्या चाहत्यांकडून येते आणि ती बिनबुडाची नाही. कॅरोलायना पँथर्सच्या ल्यूक कीकलीनं 2012 मध्ये रूकी म्हणून 164 टॅकल करून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. इंडियानापोलिसच्या लेनर्डनं 2018 मध्ये 163 केले, शिवाय सात सॅक. दोघेही सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरले. त्यांच्यापुढं पार्सन्सचे 84 किरकोळ वाटतात.

मात्र टॅकल कुठे झाला हे आकडा सांगत नाही. धावपटू आठ यार्ड पुढं गेल्यावर त्याला पाडला तरी टॅकल एकच, आणि तो सुरुवातीच्या रेषेच्या दोन यार्ड मागं पाडला तरी एकच. म्हणून मी रेषेच्या मागच्या टॅकलांचा रकाना पाहतो. पार्सन्सचे तिथं 20 आहेत. शिवाय क्वार्टरबॅकला त्यानं 30 वेळा धडक दिली. यांतल्या सॅक न झालेल्या धडकांमध्ये बॉल हातून निघालेला असतो, पण घाईत, वेडावाकडा.

कीकलीचं वर्ष कमी दर्जाचं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. मध्यभागी उभं राहून समोरची चाल स्नॅपआधीच ओळखून सवंगड्यांना ओरडून सांगणारा त्याच्यासारखा विरळा. पार्सन्सचं वाचन त्या तोडीचं नव्हतं, रूकी असताना तर नव्हतंच. तो कधी कधी चुकीच्या दिशेला पाऊल टाकायचा आणि मग वेगाच्या जोरावर चूक भरून काढायचा. दोन वेगळ्या जातीचे लाइनबॅकर आहेत, एवढंच.

‘चांगल्या संघात कुणीही चमकतो’

यात तथ्य आहे, आणि कौतुकाच्या भरात ते झाकलं जातं. काउबॉइजच्या आक्रमणानं त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक गुण केले, 530. समोरचा संघ मागं पडला की त्याला घाईनं फेकावंच लागतं, धावण्याचा सावकाश मार्ग बंद होतो. फेकी वाढल्या की सॅकच्या संधी वाढल्या. मागच्या फळीत ट्रेव्हॉन डिग्जनं 11 फेकी मध्येच झेलल्या, त्यामुळे क्वार्टरबॅक फेकताना बिचकायचे. बिचकण्यात गेलेला अर्धा सेकंद पार्सन्सच्या पथ्यावर पडायचा. तसंच पार्सन्स अंगावर येतोय म्हणून घाईत सुटलेल्या काही फेकी डिग्जच्या हाती लागल्या असणार. कोणाचं किती, हे वेगळं काढता येत नाही.

आणि उलट बाजूही दिसली. 12 विजय, 5 पराभव असा हंगाम संपवून काउबॉइज बाद फेरीत गेले. 16 जानेवारी 2022 ला सॅन फ्रान्सिस्कोनं त्यांना घरच्या मैदानावर 23-17 असं हरवलं. सॅन फ्रान्सिस्कोनं सुरुवातीलाच आघाडी घेतली आणि धावण्यावर भर ठेवला. बॉल फेकलाच नाही तर फेकणाऱ्यावर झेपावणारा करणार काय?

मग वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू तो का नाही?

कारण त्याच वर्षी पिट्सबर्गच्या टी. जे. वॉटनं 22.5 सॅक करून मायकेल स्ट्राहॅनच्या विक्रमाशी बरोबरी केली. तो पुरस्कार वॉटचाच होता, त्यावर वाद नको. पहिल्याच वर्षी नवोदित आणि सर्वोत्तम बचावपटू हे दोन्ही मान मिळवणारा आजवर एकच, 1981 चा लॉरेन्स टेलर, न्यू यॉर्क जायंट्सचा, आणि तोही लाइनबॅकर. आधीच्या वर्षी चारच सामने जिंकलेले जायंट्स त्या वर्षी नऊ जिंकले. टेलरचे त्या हंगामाचे 9.5 सॅक अधिकृत यादीत नाहीत, कारण लीगनं सॅकची अधिकृत मोजणी सुरू केली 1982 मध्ये. पार्सन्सची टेलरशी तुलना पहिल्याच वर्षी सुरू झाली. एका हंगामावर तशी तुलना मला घाईची वाटते, पण अमेरिकी समालोचकांना धीर धरवत नाही.

जागेचं नाव आणि पैशांचा आकडा

शेवटी पैसा. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पगार त्याच्या निवडीच्या क्रमांकानुसार जवळपास ठरलेला असतो. बाराव्या क्रमांकाच्या पार्सन्सला चार वर्षांचे मिळून सुमारे 1.7 कोटी डॉलर मिळायचे होते. 13 सॅक केले म्हणून त्यात लगेच बदल होत नाही. तीन हंगाम पुरे होईपर्यंत नव्या कराराची बोलणीच करता येत नाहीत.

पुढं त्यानं 13.5, 14 आणि 12 सॅक केले, आणि दर वर्षी त्याची उभं राहण्याची जागा टोकाकडे सरकत गेली. नव्या करारावरून काउबॉइजशी बिनसलं. ऑगस्ट 2025 मध्ये त्यांनी त्याला ग्रीन बे पॅकर्सकडे पाठवलं आणि पॅकर्सनी चार वर्षांसाठी 18.8 कोटी डॉलरचा करार केला. वर्षाला सरासरी 4.7 कोटी. क्वार्टरबॅक सोडून दुसऱ्या कोणाला तोवर एवढा मोठा करार मिळाला नव्हता.

आता याच्या शेजारी रोक्वान स्मिथ ठेवा. तो 2021 मध्ये शिकागोकडून खेळायचा, पारंपरिक मधल्या फळीचा अव्वल लाइनबॅकर. जानेवारी 2023 मध्ये बॉल्टिमोरनं त्याच्याशी पाच वर्षांचा 10 कोटी डॉलरचा करार केला, म्हणजे वर्षाला दोन कोटी. त्या जागेसाठी तेव्हा ही रक्कम विक्रमी होती. मधे उभं राहून सगळं सांभाळणाऱ्याला दोन, टोकावरून क्वार्टरबॅकवर झेपावणाऱ्याला पावणेपाच. संघमालकांचा हिशेब सरळ आहे: क्वार्टरबॅक हा सगळ्यांत महाग खेळाडू, मग त्याला आडवा करणाराही महाग. माझ्या मते मधल्या फळीवर यात अन्याय होतो, आणि सॅन फ्रान्सिस्कोचा तो जानेवारीतला सामना पाहिलेल्याला हे पटायला हरकत नाही. पण बाजारभाव हा असाच आहे, आणि तो पाहता सप्टेंबर 2021 च्या त्या बुधवारी लॉरेन्सचं हाड मोडलं नसतं तर पार्सन्सला टोकाशी उभं करायला क्विन यांना आणखी किती महिने लागले असते, कोण जाणे.